भेगेतलं चंदन

टेम्पो टेकडी उतरायला लागला तेव्हा मी मागे वळले नाही. कपाटाचा आरसा धरून बसले होते, त्यातच सगळं दिसत होतं. मशिदीचा हिरवा घुमट, शेजारी बाबांची मजार, आणि दारात हात कमरेवर ठेवून माझी धाकटी जाऊ जुबेदा. ओरडली, "जा भाभी, जा! बाबांना सांगते, मोठी घाबरून पळाली!"

म्हसळ्याहून नवरी होऊन घाटकोपरच्या या टेकडीवर आले, तेव्हा मला भीती ठाऊक नव्हती. अक्कलही नव्हती. आमची सूफी परंपरा, आमचा सिलसिला, सुरू करणाऱ्या बाबांनी ही मशीद बांधली आणि तिच्याच सावलीत ते निजले. मजारीमागच्या भिंतीला केसाएवढी भेग होती. उरुसात मजारीला लावून उरलेलं चंदन फेकायचं नाही, पायाखाली येऊ द्यायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, "भर गो त्या भेगेत. बाबा सांभाळतील." ही शहाणी, म्हणजे मीच, बोटाने लिंपायची, वर कान लावून ऐकायची, बाबा आतून काही बोलतात का! एकदा खरंच काहीतरी घरंगळल्यासारखं वाजलं. महाराणी गल्लीभर सांगत सुटल्या, सासूबाईंनी साखर वाटली. टेकडी सरकत होती गं बाई, टेकडी!

दर उरुसाला चंदन जास्त लागायला लागलं. यंदा वाटीभर गेलं तरी भेग उपाशीच. मग पालिकेची माणसं तपासणीला आली, भिंतीला हात लावून बघितला. गल्ली रिकामी करून आम्हाला गोवंडीत खोल्या दिल्या. इथे लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे, अजान मोबाइलवर होते. सून खूश. माझी झोप तेवढी तिकडेच राहिली.

जुबेदा टेकडी उतरायला तयार नाही. "बाबांना लोबानाचा धूप कोण दाखवणार? तुझा मोबाइल?" रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर तिचा फोन येतो. परवा म्हणाली, भेगेत आता हात जातो, आतून गार वारा येतो. काल म्हणाली, कबुतरं घुमटावर बसेनाशी झालीत. चेष्टा करत नव्हती.

खालच्या गल्लीत राहिलेल्यांनो, तिला उचलून खाली आणा. माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, बाबा बघतील म्हणून बसू नका.

इथल्या शेजारणी विचारतात, घर कुठलं? आधी म्हसळा सांगायचे, मग घाटकोपर. आता पटकन उत्तर येत नाही.

आज मगरिब होऊन गेली. फोन आला नाही. मी लावतेय, घंटी वाजते आणि बंद पडते. चपला घातल्या तशी सून म्हणाली, "अम्मी, आत्ता कुठे?"

"घरी," म्हटलं. "रिक्षा थांबव."