ऑडिशनमध्ये ऐकतं कोण?

माझी मैत्रीण सुनंदा मालिकेच्या ऑडिशनला गेली, तेव्हा समोरच्या पात्राची वाक्यं म्हणायला मी सोबत होते. मुलगा गमावलेल्या आईचा उतारा तिने आठवडाभर घोटला होता. ही भूमिका तिला हवीच होती.

"नाव आणि उंची सांग," कॅमेऱ्यामागचा माणूस म्हणाला. "डावीकडे वळ. आता उजवीकडे. हात दाखव. झालं, कळवतो."

"सर, उतारा म्हणू ना?"

"अगं, चेहऱ्यावरूनच कळतं सगळं. पुढचीला पाठवा!"

मी हादरले. ऑडिशन या शब्दाचा मूळ अर्थच ऐकणं. आणि इथे एका अभिनेत्रीला तिचं एक वाक्यही बोलू दिलं नाही! कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातसुद्धा निदान 'गाणं येतं का' असं विचारतात. बाईला बोलवायचं ते बघायलाच, ही सवय आपल्यात किती खोल मुरली आहे?

सुनंदा खाली मान घालून कागदाची घडी करत होती. मी भांडायला पुढे झाले, तेवढ्यात पुढची मुलगी आत आली. तिने हसून नाव सांगितलं, उंची सांगितली आणि कुणी काही म्हणायच्या आधीच ती डावीकडे वळली.