उशाशी ठेवलेली बॅटरी

माझी आत्या मशिनशी भांडायची. चाकणच्या एका कंपनीत ती लॉनचं गवत कापायची आणि ते पेट्रोलचं मशिन दोरी ओढूनच सुरू व्हायचं. ती पदर खोचून हिसका द्यायची. मशिन नुसतं फुरफुरायचं. "ऊठ की रे बाबा, जावयासारखा किती मान घेशील!" बरोबरच्या बायका तिला दोरीवालीच म्हणायच्या.

तिचं सासर परभणीकडचं. नवरा वारल्यावर निघोज्यात भावाकडे, म्हणजे आमच्याकडे राहायला आली. गेल्या वर्षी तिचा खांदा धरला. हात कानाच्या वर जाईना. केस मी विंचरायचे. दादा, म्हणजे माझे वडील, मोजकं बोलणारे. ते एकदाच म्हणाले, "अक्का, आता घरी बस."

"बसून खाल्लं तर घास उतरंल का रे?"

कंपनीतही सुपरवायझर म्हणाला, "मावशी, आराम करा की आता."

"करते. तुमच्या घरी येऊ का?" बायका हसल्या. घरी आल्यावर मात्र तिनं मला हळूच विचारलं, "काढतील का गं मला?" मी म्हणाले, "नाही." खरं तर मला माहीत नव्हतं.

मग नवं मशिन आलं. त्याला दोरीच नव्हती. तळहाताएवढी लिथियमची बॅटरी खाचेत बसवायची आणि बटण दाबायचं. "माय, बोट लावलं की चालू व्हायलंय," ती म्हणाली, "भांडायला कुणी उरलंच नाही." पहिले काही दिवस बटण दाबण्याआधी तिचा हात आपोआप मागे जायचा म्हणे.

चार्ज करायला म्हणून ती बॅटरी रोज घरी आणायची. बायका चिडवायच्या, "दोरीवाली लेकराला घेऊन चालली!" ती मला म्हणायची, "बॅटरी माझ्याजवळ, तर मशिन माझं." थंडीत ती चार्जिंगला लावलेली बॅटरी शालीत गुंडाळायची. मी इलेक्ट्रिकल शिकते, म्हणून सांगितलं, "आत्या, गुंडाळू नकोस, तापेल." तिनं शाल काढली, पण बॅटरी उशाशीच ठेवली.

एका सकाळी ती उठलीच नाही.

तेराव्यानंतर सुपरवायझर आला. दारातच उभा राहिला. "बॅटरी हवी होती. मशिन तसंच उभं आहे. गवत फार वाढलंय." देण्याआधी मी बॅटरीवरचं बटण दाबून पाहिलं. सगळे दिवे लागले, म्हणजे ती पूर्ण भरलेली. दुसऱ्या दिवसाची तयारी करूनच ती झोपली होती.

चार्जर मागायचं तो विसरला. आत्या झोपायची त्या कोपऱ्यात चार्जर अजून तसाच आहे. कॉलेजला जाताना मी त्याचं बटण बंद करते. परत येते तेव्हा लाल दिवा लागलेला असतो. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "मी नाही."

परवा लवकर घरी आले. आत्याची कामावरून यायची वेळ झाली होती. दादा त्या कोपऱ्यात वाकले, रिकाम्या चार्जरचं बटण चालू केलं आणि दार उघडून उंबऱ्यावर बसून राहिले.