चटणी कुठल्या बाजूला

आमच्या सासरी ताट वाढायची रीत म्हणजे कायदाच. मीठ, चटणी, लोणचं डावीकडं. भाजी, कालवण उजवीकडं. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मी चटणी उजवीकडं वाढली, तर मामंजी, म्हणजे माझे सासरे, भरल्या ताटावरून उठले. पहिल्या महायुद्धात पार बसऱ्याला जाऊन आलेला शिपाईगडी! मीही काही कमी तापट नव्हते, भांडी आपटून गल्ली गोळा केली. पण चटणी त्या दिवसापासून डावीकडंच.

मग दुसरं महायुद्ध संपलं आणि फौजेत गेलेले आमचे हे इटलीतून परत आले. डोक्याच्या मागं, उजव्या अंगाला, जरा वर, बोटभर व्रण, बाकी धडधाकट. डोळे उत्तम, असं फौजेच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं. आणि जेवायला बसले की रोज एकच, "चटणी न्हाई वाढली?"

"आवं, म्होरं तर हाय! डोळं हायती का बटनं?"

मान वळवली की दिसायची. पायानं घागर लवंडायची, तीही डावीकडचीच. औत धरलं की डावा बैल तास सोडून भलतीकडं. मामंजींनी ठरवून टाकलं, हे सोंग आहे, कामाचा कंटाळा. "झाडावरचं पाखरू वळखतंय, आन् पायाखालची घागर दिसंना व्हय?" आणि त्यांनी पोराशी बोलणंच टाकलं. शेजारी जेवायला बसायचे, पण तोंड फिरवून.

ह्यांना ते लय लागलं. एक दिवस मला म्हणाले, "अगं, मी खरंच सोंग करतूय का काय? माझं मलाच कळंना झालंय."

माझं टाळकंच फिरलं. लढाईतून जिवंत आलेला माणूस घरात असा झुरायला लागला! पदर खोचून मामंजींसमोर उभी राहिले. "सांगलीला डाक्तर हायती, फौजेत राहून आल्यालं. तुमी बी चला. सोंग निघालं तर मी माहेरी जाते, कायमची."

सर्व्हिस मोटारीनं गेलो. डॉक्टरांनी आधी डोळे बघितलेच नाहीत. व्रणावरून बोटं फिरवली, आम्हाला दिसू न देता कागदावर एक गोल काढला, त्याचा पाव हिस्सा शाईनं भरला आणि घडी घालून माझ्या हातात दिली. "मी सांगेपर्यंत उघडायची नाही."

मग भिंतीवर काळं कापड, मधोमध पांढरं बटण. ह्यांनी एक डोळा झाकून बटणावर नजर रोखायची आणि डॉक्टर काडीला लावलेला पांढरा मणी कापडावरून फिरवणार. "दिसतोय, दिसतोय, गेला." गेला तिथं खडूची खूण. मग दुसरा डोळा झाकला. तेच!

मामंजींना राहवेना. "आना हिकडं ती काडी." खालून, वरून, आडवी, मध्येच थांबवून, हुलकावणी देऊन त्यांनी ती फिरवली. दहा वेळा तरी. मणी नेमका त्याच खुणांपाशी नाहीसा व्हायचा.

डॉक्टरांनी खुणा जोडल्या. डावीकडचा खालचा पाव हिस्सा. मी घडी उघडली. अगं बाई! तोच पाव, डावा, खालचा! दवाखान्यात आहोत हे विसरून मी किंचाळलेच, "बघा मामंजी, बघा!"

"डोळे नुसते गोळा करतात," डॉक्टर म्हणाले. "बघायचं काम मेंदूच्या मागच्या भागाचं. तलाठ्याकडं गावाचा नकाशा असतो ना, तसा तिथं समोरच्या जागेचा नकाशा असतो. फक्त उलटा. डावीकडचं उजव्या अंगाला, खालचं वरच्या अंगाला. नजर जिथं रोखाल त्या टिचभर जागेला त्यात सगळ्यात मोठं रान, कडेच्या जागेला चिंधीएवढं. ह्यांचं मधलं रान शाबूत आहे, म्हणून अक्षरं वाचतात, पाखरू ओळखतात. एवढा कोपरा तेवढा लढाईत फाटला. तो परत येणार नाही. मान वळवायची सवय करा."

मामंजी खाली बसले. "मग तितं काळं दिसतं का रं?" कित्येक दिवसांनी पोराशी बोललेले ते पहिले शब्द.

"काळं बी न्हाई, आबा. तुमाला पाठीमागचं कसं दिसतं? तसंच. काय न्हाईच."

परतीच्या मोटारीत मला बसवेना. पुढच्या बाकांवरच्या एकेका डोक्याची मागची बाजू बघत होते. त्या पागोट्याखाली नकाशा, त्या टोपीखाली नकाशा, माझ्या अंबाड्याखाली पण! कुणाला सांगू आणि कुणाला नको, असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं जेवायला बसले. सवयीनं मी चटणी डावीकडंच वाढली. मामंजींनी ह्यांच्या ताटात हात घातला, चटणी चिमटीत उचलली आणि उजवीकडं ठेवली. मग स्वतःच्या ताटातलीही उचलली, उजवीकडं ठेवली.

"सूनबाई, आजपास्नं ह्या घरात चटणी हितं."

मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मान न वळवता चटणीला लावला.