पाय बांधायचा पट्टा

"भाऊ, एक पट्टा पाह्यजे. पाय बांधायचा."

मी मान वर केली. काउंटरपलीकडचा चेहरा लगेच ओळखला. दिवाळीच्या आधी हाच गृहस्थ माझ्या दुकानातल्या झाडून सगळ्या व्हीलचेअरवर बसून गेला होता. प्रत्येकीचा फोटो काढला, लेबलचा वेगळा काढला, माझा चहा प्याला आणि 'मिसेसला विचारून सांगतो' म्हणून गेला. मिसेसनं अजून काही सांगितलेलं नव्हतं.

"खुर्ची कुठून घेतली साहेब?"

"ते... ऑनलाइन."

"मंग पट्टाबी ऑनलाइनच भेटते."

अकोल्यात माझं दुकान आहे. व्हीलचेअर, वॉकर, काठ्या, बॅटरीवरच्या स्कूटर. सुरुवात सायकल दुरुस्तीच्या टपरीपासून केली. अपंगांच्या तीनचाकी सायकली पंक्चरला यायच्या, त्यातून हा धंदा लागला. कोणी शिकवलं नाही आणि कोणी भांडवल दिलं नाही. त्यामुळे फोटो काढून जाणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला राग येतो. तो परत येऊन 'जरा स्क्रू टाइट करून द्या' म्हणतो तेव्हा जास्त येतो.

पण पाय बांधायचा पट्टा ही गोष्ट कानाला खटकली. लकव्याच्या पेशंटचा गेलेला पाय पायदानावरून घसरतो, त्याला पट्टा लावतात. म्हणून विचारलं, "कोणता पाय? गेलेला?"

"नाई, तो चुपचाप राह्यते. चांगला पाय. पायदानावर ठेवला का बाबा खाली टाकते. दिवसभर घासत राह्यते. अंगठ्याची सालं निघाली, पण ऐकतच नाई."

"चांगला पाय कायले बांधता? बाबा कुठी हाये?"

"गाडीत."

"आणा आत."

"भाऊ, फक्त पट्टा..."

"माणूस पाह्यल्याशिवाय मी काठीबी विकत नाई. आणा म्हणतो न!"

माझ्या दुकानाला रॅम्प आहे. व्हीलचेअर विकतात आणि दाराला तीन पायऱ्या ठेवतात असे माझे काही व्यवसायबंधू आहेत, त्यांचं नाव घेत नाही. साहेबांनी बापाला रॅम्पवरून वर आणलं. म्हातारा हाडापेरानं मोठा. धोतर, खांद्यावर दुपट्टा, उजवा हात मांडीवर पडलेला, तोंडाची उजवी बाजू उतरलेली. डोळे मात्र दुकानात शिरल्या शिरल्या प्रत्येक वस्तूवरून फिरले. असे डोळे मी कुठेतरी पाहिले होते.

ऑनलाइन खुर्ची कोणत्या जातीची ते पहिल्या नजरेतच कळलं. हिची मागची चाकं पण लहान असतात. दवाखान्यात, एअरपोर्टवर पेशंटला इकडून तिकडे न्यायला ठीक. बसणाऱ्याच्या हाताला चाक लागतच नाही. दुसऱ्यानं ढकललं तरच हलायचं, नाहीतर कुंडीसारखं ठेवलं तिथे राहायचं.

"हलकी आहे, डिक्कीत मावते," साहेब म्हणाले.

"डिक्कीत कोण बसणार हाये? बाबा?"

तेवढ्यात म्हाताऱ्याचा डावा पाय पायदानावरून खाली आला. साहेबांनी वाकून उचलून परत ठेवला. परत खाली आला. परत ठेवला. तिसऱ्यांदा मी साहेबांचा हात धरला. "राहू द्या."

पाय जमिनीकडे गेला. खुर्ची उंच होती, टाच पोचत नव्हती. पण बोटं टेकली. बोटांनी फरशी ओरबाडली आणि खुर्ची बोटभर पुढे सरकली. म्हातारा दमला, थांबला आणि परत बोटं टेकवली.

पाय पडत नव्हता, चालत होता. आणि पोरगा तो बांधायला पट्टा मागत होता.

"याईले कुठी जायचं असते?" मी विचारलं.

"कुठी जाणार? ओसरीत बसवतो. ऊन आलं का आत टीव्हीसमोर. सिरियल लावून देतो आमी. पण बाबाचं ध्यान रस्त्यापलीकडच्या लिंबाच्या झाडाकडे. तथी गावातले म्हातारे बसते, बिड्या फुकते. पह्यले दिवसभर तथीच राहत होते. आता कोण नेणार? मी अमरावतीले नोकरीवर, मिसेसले ते पटत नाई."

"चाल," म्हातारा म्हणाला.

"हे एवढंच बोलता येते," साहेब म्हणाले. "घरी चाल म्हणून राहिले."

लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. उजवं अंग गेलं की बऱ्याचदा बोलणंही जातं, कारण दोन्हीचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूकडे असतो. एखादा शब्द उरतो, तोच सगळीकडे वापरावा लागतो. पण बोलणं गेलं म्हणजे समजणं गेलं असं नाही. घरचे मात्र पेशंटसमोरच त्याच्याविषयी बोलत सुटतात, जणू फ्रीजविषयी बोलताहेत.

"पह्यले काय करत होते?"

"बैलबाजारात दलाल होते. बार्शीटाकळीकडं सारे ओळखते. किसनराव दलाल."

माझा हात काउंटरवरच राहिला.

आता हे सांगायलाच पाहिजे. माझं गाव पण त्याच बाजूचं. मी शाळेत होतो तेव्हा माझ्या बापानं बाजारातून बैल आणला. पांढरा, शिंगं अशी की लोक पाहायला आले. बाजारात राजासारखा चालवून दाखवला होता. घरी आणून वखराला जुंपला. अर्ध्या वावरापर्यंत चालला आणि बसला. ओरडून झालं, शेपटी पिरगाळून झाली, सरकीची ढेप दाखवून झाली. बसूनच ढेप खाल्ली. अशा बैलाला बसका बैल म्हणतात. आमच्या गावानं मात्र ते नाव बैलाला न देता आमच्या घराला दिलं. बाप बसका, मी बसक्या. आज मी खुर्च्या विकतो, तर गावातले म्हणतात, बसक्यानं धंदा पण बसायचाच काढला.

सौदा जमवणारा दलाल किसनराव होता. मी बापाच्या धोतराला धरून तिथेच उभा होतो. ते डोळे तेव्हा पाहिले होते.

मी ठरवलं, आज याला सोडायचं नाही. माणसाला खुर्ची योग्य देईन, धंद्याची इज्जत आहे. पण भाव असा लावीन की माझ्या बापाला वर स्वर्गात समजलं पाहिजे.

दुकानात एक चकचकीत खुर्ची होती. बरेच दिवस खपत नव्हती. मी तीच पुढे केली. "ही पाहा. मोठी चाकं, सीट कमी उंचीची."

साहेबांनी फोन काढला. अजून फोटो!

"चाल," म्हातारा म्हणाला.

"आलोच बाबा, घरीच जायचं आहे," साहेब म्हणाले.

म्हाताऱ्यानं डाव्या हातानं साहेबांना बाजूला सारलं. माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे बोट केलं, मग दाराकडे. "चाल. चाल!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बैलबाजारात बैल उभा पाहून कोणी घेत नाही. दात पाहतात, खूर पाहतात आणि मग म्हणतात, चालवून दाखव. हा घरी चाल म्हणत नव्हता. हा चाल पाहायला मागत होता.

तर भर दुपारी, अकोल्याच्या रस्त्यावर, मी रिकामी खुर्ची चालवून दाखवली. दुकानापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत आणि परत. झेरॉक्सवाला दारात आला. "काय भाऊ, पेशंट पडला काय रस्त्यात?" मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

म्हातारा दारात बसून पाहत होता, चाकांकडे. मी परत आलो तर त्यानं जिभेनं 'च्च' केलं आणि पुढच्या उजव्या चाकाकडे बोट दाखवलं. पुढची लहान चाकं स्वतःभोवती फिरतात, त्यांना कॅस्टर म्हणतात. त्यांची बैठक ढिली झाली असेल तर वेग आल्यावर ती थरथरतात. हे थरथरत होतं. मला ठाऊक होतं. म्हणूनच ती खपायची राहिली होती.

"लंगडते म्हणते," मी साहेबांना सांगितलं. दुसरं काय सांगणार?

दुसरी खुर्ची काढली. साधी, रंग उडालेला नाही पण चमकही नाही. परत झेरॉक्सवाल्यापर्यंत. या वेळी चहावालाही उभा राहून पाहू लागला. म्हाताऱ्यानं हातानं गोल केला. वळवून दाखवली. मग हात वर-खाली केला. रस्त्याच्या खड्ड्यातून काढून दाखवली. मान हलली.

आता माझं काम. डाव्या बाजूचं पायदान मी काढूनच टाकलं. सीट इतकी खाली घेतली की टाच पूर्ण टेकली. उजव्या चाकाच्या आऱ्यांवर प्लास्टिकची तबकडी लावली, नाहीतर निर्जीव हात घसरून चाकात जातो आणि ते कळतही नाही. उजवा ब्रेक त्याच्या डाव्या हाताला पोचेना, म्हणून ब्रेकच्या दांडीवर पाइपाचा तुकडा चढवून ती लांब केली. एका हातानं चाक फिरवलं तर खुर्ची गोल गोल फिरते. पण त्याच बाजूचा पाय जमिनीवर असला तर तो तिला सरळ ओढतो. हात ढकलतो, पाय वळवतो. एवढंच तंत्र.

दोघांनी धरून म्हाताऱ्याला तिच्यात बसवलं. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तोवर किसनराव निघाला होता. काउंटर, वॉकरची रांग, दार. वॉकरची रांग आडवी झाली. रॅम्पच्या तोंडाशी साहेबांनी धावत जाऊन पकडला.

"बाबा! पडसान न!"

"चाल!" म्हातारा ओरडला. या वेळी अर्थ सांगायची गरज नव्हती.

"भाऊ, हे डेंजर आहे," साहेब मला म्हणाले. "हे रस्त्यावर जातीन."

"जातीन. त्यासाठीच तर चाकं हाये."

"आमाले हे नाई पाह्यजे. पट्टाच द्या."

मी भडकलो. "साहेब, तुमाले बाप पाह्यजे का कुंडी? पाय गेलेल्याले चालवाले लोक माह्याकडे येते. चालणारा पाय बांधाले येणारे तुमीच पह्यले!"

साहेबांनी बापाकडे पाहिलं. बाप त्यांच्याकडे पाहत नव्हता, दारातून दिसणाऱ्या रस्त्याकडे पाहत होता. साहेबांनी खुर्चीवरचा हात काढला. मग पराभूत माणसं करतात तेच केलं. भाव काढला. "किती? ऑनलाइनवर तर हीच..."

माझा पारा चढणार, तेवढ्यात माझा हात कोणीतरी धरला. किसनरावनं खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि माझ्या हातावर टाकला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कपड्याखाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावरून आकडा. बाजूच्याला कळत नाही. आणि मुख्य म्हणजे, बोलावं लागत नाही.

त्यानं पहिला भाव दिला. मी हात ओढला. सुटला नाही. लकव्यातून वाचलेली ही एक बाजू होती, तर दोन्ही असताना या माणसानं काय केलं असेल! मी माझा भाव दिला. तो पंख्याकडे पाहत बसला, जणू बोटं दुसऱ्या कुणाची आहेत. मी थोडा उतरलो. तो पंख्याकडेच. मी आणखी उतरलो आणि मला स्वतःचाच राग आला.

"किसनराव," मी म्हणालो, "तुमी माह्या बापाले बसका बैल देल्ला होता. पांढरा."

तो माझ्याकडे वळला. माझा हात सोडून त्यानं दुपट्ट्याबाहेर हात काढला आणि हवेत शिंगं काढली. आधी एक, मग दुसरं, टोकाशी जरा आत वळलेलं. बरोबर तेच. मग तळहात खाली दाबला, बैल बसतो तसा. आणि हसू लागला. अर्धं तोंड हसत होतं, अर्धं नाही, पोट पूर्ण हलत होतं. माझा बाप त्याला आठवत नसावा. बैल आठवत होता.

मला त्याला रॅम्पवरून ढकलून द्यावंसं वाटलं. पण हसू येतं तेव्हा येतं. मीही हसतो आहे हे पाहिल्या पाहिल्या त्यानं हात परत दुपट्ट्याखाली घातला, शेवटचा भाव दाबला, आणि माझ्या तोंडातून होकाराचं 'हाव' निघून गेलं. वर त्यानं गादीकडे बोट दाखवलं, ती फुकट. मग पट्ट्याकडे. तो पण फुकट.

"पट्टा कायले? पाय तर मोकळा केला!"

"चाल," किसनराव म्हणाला आणि निघाला.

महिनाभरानं साहेबांचा फोन आला. आवाज चढलेला.

"भाऊ, तुमी काय देऊन ठेवलं हो हे? बाबा घरी राहतच नाई. चहा प्याले का निघाले लिंबाखाली. जेवाले बोलवा तर येत नाई."

"पडले काय?"

"पडले नाई. धंदा सुरू केला! बकऱ्यांचे सौदे जमवून राहिले. दुपट्टा टाकते अन् बोटं दाबते. लोक म्हणते, दलाल आधीपेक्षा बरा झाला, खोटं बोलत नाई!"

"अन् पट्टा?"

"पट्ट्यानं बकरी बांधली आहे, खुर्चीले."

खुर्ची घ्यायला या, तेव्हा ज्याला बसायचं आहे त्याला सोबत आणा आणि डिक्कीच्या आधी त्याचे पाय पाहा, एवढंच मी गिऱ्हाइकांना सांगतो. फोटो काढले तरी आता फार ओरडत नाही. थोडं ओरडतो.

बाकी, आमच्या घराण्यानं किसनरावसोबत दोन व्यवहार केले आणि दोन्हींत मार खाल्ला. बापानं घेतलं ते चालायचं होतं, ते बसलं. मी दिलं ते बसायचं होतं, ते चाललं. गावात मला अजून बसक्याच म्हणतात.