मावशीचं "बरं हाय की"

"बरं हाय की!" पदर कमरेला खोचत मावशी म्हणायची. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. वावटळीनं चुलीवरचा पत्रा उडाला, तर म्हणे, "बरं हाय की, धूर तरी कोंडणार न्हाई."

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नांदेडहून बदलून आलेले आम्ही कारकून तिच्याकडं जेवायचो. दुष्काळ असा, की टँकरमागं धावून ती कळशी आणायची आणि आधी आमचे तांबे भरायची. "मावशी, तुला?" "मला काय, बरं हाय की!" तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपलं दुखणं सांगितलं तर समोरच्याला त्रास होईल, असं त्यांना वाटतं.

मग सरकारी दवाखान्यात तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं टाके घातले ते पोत्याला दाभण मारावा तसे, आणि पुन्हा तो फिरकला नाही. पट्टी बदला म्हटलं, की कंपाउंडर म्हणायचा, "पाणी न्हाई, उद्या बघू." जखम चिघळली, टाके उसवले, पू वाहू लागला. वास वॉर्डात पसरल्यावर तिला घरी पाठवलं. वर डॉक्टर म्हणतो, "बाईनं घरी काळजी घेतली नाही." थू त्याच्या जिभेवर!

मीच तक्रार लिहून दिली. मागणी एकच: चूक कबूल करा आणि सोलापूरला नेऊन तिचं पोट नीट करून द्या.

चौकशीला मोठे डॉक्टरसाहेब घरी येणार म्हटल्यावर या बाईनं प्यायच्या पाण्यातून सडा टाकला. धुतलेलं लुगडं नेसली, चुलीवर चहा ठेवला. साहेब उंबऱ्यातच थांबले, नाकाला रुमाल लावून.

"काय बाई, कशा आहात?"

मावशीनं हात जोडले. "बरं हाय की, साहेब. बसा, च्या घ्या."

साहेबांनी तेवढंच लिहिलं आणि वळले.

"साहेब, पट्टी सोडून बघा हो!" मी ओरडलो.

"पेशंट तुम्ही की त्या?" म्हणत ते जीपमध्ये बसले. रुमाल तसाच नाकाला. मावशीच्या पुवाची मला कधी किळस आली नाही. त्या रुमालाची मात्र आजही येते. वास येत होता ना रे तुला?

निकाल आला: रुग्ण बरी असल्याचे स्वतः सांगते, तक्रारीत तथ्य नाही.

मी वाचून दाखवलं, तर मावशी गोंधळली. "आसं कसं? दारात आलेल्या पाव्हण्याला आल्या आल्या वंगाळ सांगायचं व्हय? च्या पिऊन झाल्यावर सांगणारच व्हते की."

मला रडू आलं आणि रागही आला. कुणाकुणाचा, ते सांगता येणार नाही.

पुढं तिला उठवेना. आमची जेवणं दुसरीकडं लागली, पण मी ऑफिस सुटल्यावर जायचो. एका संध्याकाळी सवयीनं विचारलं, "मावशी, कसं हाय?"

तिनं पदर पोटावर ओढून घेतला.

"बरं न्हाई रे, भाऊ."

ऐकायला खोलीत मी एकटाच होतो.