कॉम्प्युटरला ‘निज’ म्हणताना

कामरगावच्या शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं शेतात लक्ष घालतात, नाहीतर देवळाच्या ओट्यावर बसतात. मी कॉम्प्युटर शिकायला घेतला. लेकीनं इंजिनिअरिंगच्या दिवसांतला तिचा जुना डबा घरी आणून टाकला होता, त्यात विंडोजच्या जागी लिनक्स होतं. एक काळी खिडकी उघडायची आणि माउसला हात न लावता नुसतं लिहून हुकूम सोडायचा, की काम झालं. हुकूम सोडायची मला सवय होतीच. निवृत्तीनंतर ऐकणारं कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

माझं सगळ्यात लाडकं काम म्हणजे स्क्रीनसेव्हर. पडद्यावर रंगीत पाइप वाकत-वळत वाढत जातात, ते. काही वेळ हात लावला नाही की ते आपोआप सुरू होतात, पण आपोआप होणाऱ्या गोष्टीत मास्तरची मजा काय? मला ते हुकमावर सुरू व्हायला हवे होते. त्याची इंग्रजी कमांड मात्र ही लांबलचक. प्रत्येक वेळी एखादं अक्षर गळायचं आणि काळी खिडकी मला नापास करायची.

लेक म्हणाली, “बाबा, कमांडले टोपणनाव देता येते.”

मग काय, बाप्पा! पाइप सुरू करायच्या कमांडचं नाव मी ठेवलं ‘निज’ आणि बंद करायच्या कमांडचं ‘ऊठ’. त्यातला ऊ दीर्घ. दोन कळा एकदम दाबून कीबोर्ड मराठी करायचा, ‘निज’ लिहायचं, की गडी झोपला. ‘ऊठ’ मात्र कधीच वापरता आलं नाही. ते लिहायला पहिली कळ दाबली की तो आधीच उठून बसायचा. हे लक्षात यायला मला बरेच दिवस लागले, आणि आल्यावरही मी ती कमांड पुसली नाही.

लेकीची आधीची कंपनी बंद पडली होती. लॅपटॉपही त्यांनी परत घेतला. दिवाळीपासून ती घरीच होती आणि बाजारात भेटेल तो विचारायचा, “पोट्टी घरीच हाय का अजून?” ती हसून उत्तर द्यायची आणि घरी येऊन जेवायची नाही. मला ते बघवत नव्हतं. अशात पुण्याहून एका मुलाखतीचं बोलावणं आलं, घरूनच द्यायची, व्हिडिओवर. तिनं लिहिलेला प्रोग्राम त्यांना चालवून दाखवायचा होता. तो होता या डब्यात.

त्या सकाळी तिनं प्रोग्राम उघडून ठेवला आणि मला म्हणाली, “बाबा, स्क्रीनसेव्हर तेवढा बंद करून ठेवा. मधातच पाइप नोको.” आणि ती केस विंचरायला गेली.

साधं काम होतं. पण साधं काम करील तो मी कसला? वाटलं, ती येईपर्यंत कुणाचा हात लागू नये. म्हणून मी ‘निज’मध्ये कुलूपही घातलं, म्हणजे आत यायला पासवर्ड हवा. ऐटीत ‘निज’ लिहिलं. पाइप धावू लागले.

लेक आली. मी कळ दाबली. पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. पडद्यावर नुसते ठिपके उमटत होते, आपण काय लिहितोय ते दिसेल तर शपथ! लेकीनं टाकून पाहिला, तरी चूक. डबा बंद करून सुरू करावा तर तो उठायला अर्धा तास घेतो, आणि मुलाखतीची वेळ झालेली.

“अव माय, काय करून ठेवलं तुमी?” बायको दारातून ओरडली. “तिनं बंद कर म्हटलं तं कुलूप कायले लावलं?”

लेक फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि लोणच्याच्या बरणीला तो टेकवून बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी दाराशी कान लावून उभा राहिलो.

आतून फोनमधला आवाज आला, “प्रोग्राम दाखवता का?”

“सर, तो कॉम्प्युटर लॉक झालाय. माझ्या वडिलांनी लॉकच्या कमांडला मराठी नाव दिलंय. ते मराठीत टाइप करतात, आणि मग पासवर्ड...” ती थांबली. “सर, एक मिनिट!”

दार धाडकन उघडलं. मी पडता पडता वाचलो. फोन हातात तसाच धरून तिनं त्या दोन कळा दाबल्या, कीबोर्ड इंग्रजी झाला, पासवर्ड चालला. मराठी मास्तरानं मराठीत कुलूप लावलं होतं आणि मग तोच इंग्रजी पासवर्ड मराठी अक्षरांत टाकत बसला होता. फोनमधून हसण्याचा आवाज आला. लेकही हसली. दिवाळीनंतर ती अशी पहिल्यांदाच हसली.

नोकरी लागली. मी सगळ्यांना सांगत सुटलो की माझ्यामुळे लागली. बायको म्हणायची, “तुमी होते तरी लागली.”

जाण्याआधी लेकीनं ‘निज’मधलं कुलूप काढून टाकलं. “आता तुमी अडकान नाही, बाबा.” मी बरं म्हणालो. बरं वाटलं नाही.

ती गेल्यावर एका दुपारी मी ते कुलूप पुन्हा घातलं आणि तिला फोन लावला. “अवं, पासवर्ड घेऊन नाही राह्यला.”

ती ऑफिसात होती, हळू बोलली. “दोन कळा दाबा ना, बाबा.”

“दाबल्या.”

“मंग?”

“मंग उघडला.”

“मंग फोन काहून केला?”

आयुष्यभर पोरांना वाक्यरचना शिकवली, पण मला एक वाक्य जुळवता येईना. शेवटी म्हणालो, “तुयी आठवण येऊन राह्यली, माय.”

मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं.

“उद्या बी कुलूप लावजा, बाबा,” ती म्हणाली.