मीठ पीक नाही म्हणे

मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो, आणि त्यातही दुसरी दोनदा केली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी शोधून काढल्याचा आव आणायला नको.

माझ्या नातीच्या वर्गात आता परीक्षा पाटीवर होत नाही, वहीवर होत नाही. मुलांच्या हातात टॅब्लेट देतात. त्यावर प्रश्न येतो, खाली चार रंगांचे चार चौकोन येतात आणि वर एक पट्टी आखडत जाते. ती संपायच्या आत एका चौकोनावर बोट दाबायचं. लवकर दाबलं तर जास्त गुण, उशिरा दाबलं तर कमी. नातीने हे समजावलं तेव्हा मी विचारलं, "गुण बरोबर उत्तराला का घाईला?"

"दोन्हीला, आजा."

घाईला गुण देणारी शाळा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. वडापावच्या गाडीवर घाई शोभते. आणि प्रत्येक प्रश्नानंतर म्हणे गाणं वाजतं, रंगीत कागदाचे कपटे उडतात, पहिली तीन मुलं उड्या मारतात. याला शिक्षण म्हणतात. आम्ही याला जत्रा म्हणायचो, आणि तिला वर्षातून एकदाच जायचो.

आता यात माझा एक गुन्हा आहे. पोरगी बोलायला लागली तेव्हापासून मी तिला शिकवलंय, की कुणी काही विचारलं तर आधी पाच बोटं दुमडायची, मग तोंड उघडायचं. मला माझ्या बापाने मिठागरात हेच शिकवलं. वाफ्यात मीठ धरलेलं दिसलं की लगेच ओढायचं नाही. कवळं मीठ ओढलं की खालचा चिखल वर येतो. थांब, मग ओढ. पोरीने ते मनावर घेतलं, आणि बाईंच्या यंत्रात शेवटून पहिली यायला लागली.

एक दिवस सुनेच्या मोबाईलवर शाळेचा निरोप आला. मुलगी वेळेत प्रतिसाद देत नाही, सोमवारपासून तिला जादा तासाच्या गटात बसवायचं आहे, पालकांनी भेटून जावं. जादा तासाचा गट म्हणजे वर्गाच्या मागे वेगळी चटई. मुलं तिला ढ चटई म्हणतात. पोरगी त्या दिवशी जेवली नाही. मुलगा कळंबोलीला लोखंडाच्या गोदामात, त्याला सुट्टी नाही. मी म्हटलं, मी जातो.

सून म्हणाली, "बाबा, तिथे आवाज चढवू नका."

"मी कधी चढवला?"

"काल. भाजीवाल्यावर."

शाळा सुटल्यावर गेलो. बाई माझ्या सुनेपेक्षाही लहान, गोड बोलणाऱ्या. पोरगी शेजारी उभी.

"आजोबा, तिला सगळं येतं हो. पण ती थांबून राहते. ॲपला ते चालत नाही."

"ॲप कोण? हेडमास्तर?"

बाई हसल्या. मी विनोद केला नव्हता. मग त्यांनी टॅब्लेट माझ्यापुढे धरला आणि परिसर अभ्यासाचा एक प्रश्न वाचून दाखवला. खालीलपैकी कोणते पीक नाही? भात, नाचणी, मीठ, ऊस.

"हिने ऊस दाबला. तोही अगदी शेवटच्या सेकंदाला. बाकी सगळ्या वर्गाचं बरोबर आलं."

मी पोरीला विचारलं, "ऊस का गं?"

"आपल्याकडं कुठं पिकतो ऊस?"

मी त्यात चूक शोधून पाहिली. सापडली नाही.

"बाई, बरोबर हाय की तिचं."

"आजोबा, मीठ पीक नाही."

आमच्या घरात 'यंदा मीठ बरं पिकलं' हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकलं. अवकाळी पाऊस आला की आई कपाळाला हात लावून म्हणायची, पीक गेलं. बांध घाला, खाडीचं पाणी घ्या, एका वाफ्यातून दुसऱ्यात खेळवा, उन्हात राखण करा. आता तिथे इमारती आहेत, पण तळपायांच्या भेगा अजून माझ्याच आहेत. आणि कालची पोर मला सांगते, ते पीक नव्हतं. मग आम्ही तिथे काय, पोहत होतो?

बाई समजावू लागल्या, की पीक पेरावं लागतं.

"आमी पाणी पेरतो," मी म्हटलं.

त्यांनी एकदा टॅब्लेटवर पाहिलं. मग म्हणाल्या, "छान आहे हो. पण यात तसा पर्याय नाही."

हीच तर गंमत. चार चौकोन कुणीतरी कुठेतरी बसून रंगवायचे, आणि आमची पोर पाचवा जाणते म्हणून तिला मागे चटईवर बसवायचं.

बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "मी तिला आत्ता पुन्हा एकदा देते. दहा प्रश्न. आठ आले तर गट बदलत नाही. तुम्ही मात्र बोलायचं नाही."

पोरगी बसली. पहिल्या प्रश्नाला तिने मांडीवर बोटं दुमडायला घेतली. पट्टी अर्धी झाली, मग पाव, मग संपली. दुसऱ्यालाही तेच. आता एकही चुकून चालणार नव्हतं. मी उभा राहिलो आणि बाईंकडे न बघता म्हटलं, "मोजू नको." माझ्याच तोंडाने. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

पुढचे सात तिने तडातड दाबले, सातही बरोबर. शेवटी मीठ आलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. पट्टी आखडत होती. यंत्राला काय, त्याच्या बापाचं कुठे मिठागर होतं.

"दाब," मी म्हटलं.

तिने मीठ दाबलं. गाणं वाजलं, कपटे उडाले. बाईंनी टाळी वाजवली आणि म्हणाल्या, सोमवारी आपल्याच बाकावर बस हं.

घरी येताना रिक्षा स्टँडपाशी पोरगी थांबली. मग म्हणाली, "आजा, मी खोटं बोलले का?"

"नाय. बोललीस कुठं? नुसतं बोट दाबलंस."

तिने एकेक करून पाच बोटं दुमडली, मग म्हणाली, "मंग ठीक हाय."